ईपीएबीएक्स बदलायची आहे: कार्यालयातच आयपी पीबीएक्स बसवावी की होस्टेड सेवा घ्यावी?

प्रश्न – हिशेबनीस

नमस्कार. आमच्या कार्यालयातील पंचवीसेक एक्स्टेन्शनची जुनी ईपीएबीएक्स यंत्रणा (कार्यालयाचे अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) आता दुरुस्तीच्या पलीकडे गेली आहे, कारण तिची सुटी कार्डे मिळेनाशी झाली आहेत. आमच्यापुढे दोन प्रस्ताव आहेत. पहिल्यात आयपी पीबीएक्स (संगणकाच्या नेटवर्कवर चालणारे तसेच एक्स्चेंज) कार्यालयात बसवून बाहेरच्या लाइनसाठी सिप ट्रंक, म्हणजे इंटरनेटवरून कॉल नेणारी जोडणी, घ्यायची आहे. दुसऱ्यात, म्हणजे होस्टेड सेवेत, सर्व यंत्रणा सेवादात्याकडे राहील आणि आम्ही प्रत्येक एक्स्टेन्शनमागे मासिक शुल्क भरू. एका वेळी बाहेरचे आठ-दहा कॉल चालू असतात. एक फॅक्स मशीनही आहे. दोन्ही विक्रेते इंटरनेटच्या वेगावर भर देतात. तो निकष पुरेसा आहे का?

उत्तर – दोरखंड

वेग हा येथे सर्वांत कमी अडचणीचा भाग आहे. जी.711 या नेहमीच्या कोडेकमध्ये (आवाजाचे डिजिटल रूपांतर करण्याच्या पद्धतीत) आवाजाला 64 केबीपीएस लागतात आणि पॅकेटचे, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांचे, हेडर धरून एका कॉलसाठी प्रत्येक दिशेला सुमारे 87 केबीपीएस होतात, म्हणजे आपले दहा कॉल एका एमबीपीएसच्या आत बसतात. प्रश्न असतो तो विलंबाचा, जिटरचा (पॅकेट कमीजास्त अंतराने येण्याचा) आणि गहाळ होणाऱ्या पॅकेटचा. एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) जी.114 ही शिफारस सांगते. तो बराच वाढला की दोघेही एकदम बोलू लागतात आणि दोघेही एकदम थांबतात. भर दुपारी कोणी मोठा बॅकअप अपलोडला लावला की आवाज तुटतो, मग लाइन कितीही वेगवान असो. म्हणून फोनसाठी स्वतंत्र व्हीलॅन (त्याच तारांवरचे वेगळे आभासी नेटवर्क) ठेवावे आणि राउटरवर आवाजाच्या पॅकेटना अग्रक्रम द्यावा.

राउटरमधील सिप एएलजी ही सोय (सिप म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडण्याचे प्रमाण, आणि एएलजी त्याचे संदेश राउटरमधून जाताना हाताळते) मात्र बहुतेक वेळा बंदच ठेवावी लागते. ती मदतीसाठी असली तरी सिप संदेशांतील पत्ते बदलण्याच्या नादात ते अनेकदा बिघडवते. याची एक ठरलेली खूण आहे: कॉल लागतो, बोलणे सुरू होते आणि बरोबर बत्तिसाव्या सेकंदाला तुटतो. फोन उचलल्याची पोच दुसऱ्या टोकाला पोहोचलेली नसते आणि सिपच्या प्रमाणानुसार तिची वाट पाहण्याची मुदत 32 सेकंद असते. अशा वेळी लोक लाइन बदलून घेतात, फोन बदलतात आणि राउटरकडे कोणी बघतही नाही.

उत्तर – मध्यस्थ

माझ्या मते खरा निर्णय यंत्र कोठे असावे याचा नसून ते सांभाळणार कोण याचा आहे. अ‍ॅस्टेरिस्क ही मुक्त स्रोत प्रणाली 1999 पासून आहे आणि तिच्यावर पंचवीस एक्स्टेन्शन साध्या संगणकावरही चालतात. पण अद्ययावतीकरण, बॅकअप आणि पहाटे बंद पडल्यास धावून जाणारा माणूस आपल्याकडे हवा. तो नसेल तर होस्टेड सेवाच घ्यावी.

तिची एक बाजू विक्रेते सहसा सांगत नाहीत. होस्टेड पद्धतीत शेजारच्या टेबलावर लावलेला कॉलही जोडणीसाठी बाहेरच्या सर्व्हरकडे जातो, त्यामुळे इंटरनेट गेले की आतले फोनही मुके होतात. कार्यालयात पीबीएक्स असेल तर निदान आपसांत बोलता येते. यावर उपाय म्हणजे दुसऱ्या कंपनीची पर्यायी जोडणी, आणि लाइन गेल्यास येणारे कॉल ठरावीक मोबाइलवर वळवण्याची सोय, जी सेवादात्याच्या सर्व्हरवरच लावलेली असते. विजेचेही तसेच. जुन्या साध्या फोनला एक्स्चेंजकडून तारेतूनच वीज मिळत असे, तर आयपी फोनला ती पीओई स्विचमधून (नेटवर्कच्या तारेतूनच वीज पुरवणाऱ्या स्विचमधून) द्यावी लागते. तेव्हा स्विच, राउटर आणि फायबरचे टर्मिनल हे तिन्ही यूपीएसवर हवेत. राउटर यूपीएसवर आणि टर्मिनल भिंतीच्या सॉकेटवर, असे प्रकार सर्रास दिसतात.

नंबर कोणाच्या नावावर राहतील आणि सेवा सोडताना ते कसे नेता येतील, हे करारात लिहून घ्यावे. नवीन ठिकाणी नंबर पोर्ट होऊन चालू झाल्याखेरीज जुनी लाइन बंद करण्याचा अर्ज देऊ नये, कारण बंद झालेला नंबर परत मिळेलच असे नाही.

उत्तर – कुलूपकिल्ली

सुरक्षेबद्दल थोडे. सिपचा 5060 हा पोर्ट (राउटरमधून आत येण्याचा क्रमांकित मार्ग) सगळ्या जगाला उघडा ठेवला की पासवर्ड चाचपणारे प्रोग्रॅम लवकरच येऊन धडकतात. सोपा पासवर्ड सापडला की सुट्टीच्या रात्री आपल्या खात्यातून महागड्या परदेशी नंबरांवर कॉल होत राहतात आणि बिल आपल्या नावावर येते. गरज नसेल तर आंतरराष्ट्रीय कॉल बंदच ठेवावेत; गरज असेल तर रोजची खर्चमर्यादा लावून घ्यावी.

हिशेबनीस

आभारी आहे. सांभाळणारा माणूस आमच्याकडे नाही, त्यामुळे आमचा कल होस्टेड सेवेकडे झुकतो आहे. फॅक्सचे काय करावे?

दोरखंड

एटीए अडॅप्टर (साधा फोन किंवा फॅक्स आयपी यंत्रणेला जोडणारा डबा) लावून चालवता येईल. मात्र अडॅप्टर आणि सेवादाता दोघांनाही टी.38 (आयपी नेटवर्कवरून फॅक्स पाठवण्याचे प्रमाण) येते का, ते विचारून घ्यावे. जी.729सारख्या दाबलेल्या कोडेकवर फॅक्स जात नाही. करार करण्यापूर्वी चार-पाच फोन चाचणीसाठी मागून घ्यावेत आणि ते ऐन कामाच्या वेळी, नेटवर्कवर नेहमीचा भार असताना वापरून पाहावेत. रविवारी घेतलेल्या चाचणीत सर्वच यंत्रणा उत्तम चालतात.