८२ हजार किलोमीटर झालेली गाडी घ्यावी काय? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

बी-२०४: नमस्कार. बेळगावहून शिनोळीला कामाला जायला जुनी मोटरसायकल बघतोय. कंपनीतल्या एका दादाची २०१७ ची होंडा यूनिकॉर्न १५० आहे, एमएच-०९ (कोल्हापूर) पासिंग. मीटर ८२,०००. अडतीस हजार म्हणतोय. दिसायला चांगली आहे, खरं बाबा मीटर ऐकूनच नको म्हणालेत. कुणाला माहिती असेल तर सांगा.

सी-१०१: ८२ म्हणजे लई झाले की. इंजिनकाम आलंच बघ.

ए-३ काका: आलंच असं नाही हां. हिशोब करून बघ. आठ वर्षांत ८२ हजार म्हणजे दिवसाला २८ किलोमीटर. कामावर जाऊन येणाऱ्याचं तेवढं होतंयच. माझ्या गाडीनं उद्यमबागेच्या पाळ्या करत १ लाख १४ हजार काढले, इंजिन एकदाच खोललं. ऑइल मात्र कधी चुकवलं नाही. त्यामुळं मी मीटरला घाबरत नाही. ऑइल कधी बदललं, कुठं बदललं, ते विचार. बिलं असली तर फारच चांगलं.

बी-२०४: बिलं नाहीत काका. गावातल्या मेस्त्रीकडंच करतो म्हणाला.

ए-३ काका: मग त्या मेस्त्रीलाच भेट. आणि गाडी बघायला सकाळी जा. "मी यायच्या आधी चालू करू नका" म्हणून आदल्या रात्री सांगून ठेव. गेल्यावर पहिलं काम, इंजिनजवळ हात नेऊन बघ. गरम लागलं तर तुझ्यासाठी आधीच चालू करून ठेवलीय असं समज आणि दुसऱ्या दिवशी परत जा. गार इंजिन किती किकमध्ये उठतंय, उठताना आवाज कसा येतोय, यावरनं निम्मं कळतंय.

ए-३ काका: धूर नीट बघ. थंडीत पहिल्यांदा जरा पांढरा येतो, ती वाफ असते, थोड्या वेळात जाते. निळसर आला तर ऑइल जळतंय. नुसता चालू करताना येऊन थांबला तर बहुतेक व्हॉल्व्ह सील, ते काम आवाक्यातलं आहे. खरं चढाला रेस देताना सारखा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा, बोअर झिजलेत. त्या गाडीला मी हात लावणार नाही, पंचवीसला दिली तरी.

डी-३०२ वहिनी: त्या भागातला पाऊस विसरू नका. माझं माहेर चंदगडकडं. तिकडच्या गाड्या वरनं चकचकीत आणि खालनं गंजलेल्या असतात. सायलेन्सरची खालची बाजू बघा, टाकीचं झाकण उघडून आत बॅटरी मारा.

ए-३ काका: वहिनींचं अगदी बरोबर. आणखी एक. मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचलून धर, हँडल सावकाश इकडंतिकडं फिरव. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग गेलं. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर ऑइल आहे का बघ. चेन-स्पॉकेट, टायर, क्लच प्लेट हे झिजणारच, त्यासाठी गाडी सोडू नको, किमतीत वजा कर.

सी-१०१: मीटर मागं फिरवलेला असेल तर?

ए-३ काका: ८२ दाखवतोय तो मागं कशाला फिरवेल? ज्यात २० हजार दाखवतात आणि फूटरेस्टचं रबर गुळगुळीत झालेलं असतं, तिथं संशय घ्यायचा.

बी-१०३: गाडीपेक्षा कागद बघ रे. एमएच-०९ ची गाडी बेळगावात बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर केए-२२ करून घ्यावी लागते. कोल्हापूर आरटीओची एनओसी पाहिजे, म्हणजे फॉर्म २८. मग इकडचा टॅक्स भरायचा. तो खर्च गाडीच्या अडतीस हजारांशिवाय वेगळा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवायला लाव. माझ्या भावानं हे बघितलं नव्हतं, आठ महिने हेलपाटे घातले.

डी-३०२ वहिनी: चलनं पण तपासा. चासी नंबर आरसीशी जुळवा, नुसत्या फोटोवर जाऊ नका.

(रविवार)

बी-२०४: जाऊन आलो काका. इंजिन गार होतं, दुसऱ्या किकला उठली. चालू करताना जरा निळसर धूर आला, मग थांबला. चढाला दुसऱ्या गिअरमध्ये घेतली, धूर नाही. कोनसेट मात्र अडकतोय. मेस्त्री म्हणाला, ऑइल वेळच्या वेळी करतात. बोजा नाही, एक चलन आहे, ते भरतो म्हणालाय. तेहतीसपर्यंत आलाय.

ए-३ काका: मग व्हॉल्व्ह सील असणार. सील आणि कोनसेटचा खर्च आपल्या मेस्त्रीला विचार, तेवढे अजून कमी कर. बाबांना मी सांगतो. टोकन दोन हजारच्या वर देऊ नको. एनओसी हातात आल्यावर बाकीचे.

बी-२०४: बरं काका. संध्याकाळी घरी येतो.