मिडलवेट स्पोर्टबाइक: गाडीने काय शिकवलं?

साधारण ६०० ते ८०० सीसीची स्पोर्टबाइक चालवणाऱ्यांनी आणि उघडणाऱ्यांनी इथे लिहावं. अट एकच, टॉप स्पीड सांगायचा नाही. गाडीने कुठे चकवलं आणि आतलं काय कळलं ते सांगा. सुरुवात मी करतो, मग ज्याने त्याने आपलं शीर्षक देऊन लिहावं.

माझी ५९९ सीसी, चार सिलिंडर. नवी होती तेव्हा सिग्नल सुटला की एखादी साधी दोन सिलिंडरची ट्विन आरामात पुढे निघून जायची. वाटलं, फसलो. फसलो नव्हतो, सहा हजार आरपीएमवरच (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) गियर बदलत होतो आणि ही बया आठ हजारांपर्यंत झोपेतच असते. होंडा सीबीआर६००आरआर काय, यामाहा आर६ काय, दोघींचा बोअर (सिलिंडरची रुंदी) ६७ आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ४२.५ मिमी. सिलिंडर रुंद म्हणून मोठे व्हॉल्व्ह बसतात. स्ट्रोक तोकडा म्हणून पिस्टनची धाव कमी, त्यामुळे इंजिन इतकं फिरवता येतं. एकदा कागदावर हिशेब केला. १५,००० आरपीएमला सेकंदाला २५० फेऱ्या, पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सव्वाएकवीस मीटर, आणि प्रत्येक फेरीत तो दोनदा पूर्ण थांबतो. पहिल्यांदा बारा हजार ओलांडले तेव्हा गुरगुर संपली आणि टाकीखालून हवा ओढल्याचा आवाज आला. तोवर मी अर्धीच गाडी चालवत होतो.

चारावरून दोनावर
मी उलटा गेलो. सहाशे विकून यामाहाची आर७ घेतली. ६८९ सीसी, दोन सिलिंडर, ताकद ७३ पीएसच्या आसपास. मित्रांनी डिमोशनचे पेढे मागितले. पण लागोपाठ वळणं असली की मी आता जास्त मोकळा असतो, कारण पाच हजारांवरसुद्धा थ्रॉटल उघडलं की गाडी लगेच ओढते. खालचा गियर शोधत बसावं लागत नाही.

यातली गंमत २७० अंशांच्या क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्यावर फिरतात त्या दांड्याची. एक पिस्टन वर थांबलेला असतो तेव्हा दुसरा जवळजवळ पूर्ण वेगात असतो, त्यामुळे थांबण्या-धावण्याचे झटके बरेचसे एकमेकांना खातात. मुठीत जे जाणवतं ते मुख्यतः स्फोटाचं. स्फोटही आधी २७० अंशांनी, मग ४५० अंशांनी, म्हणून तो धडधडता आवाज. मागचं टायर सुटायला लागलं तर ते आधी कळतं, असं माझं मत. माझा सहाशेवाला भाऊ म्हणतो, तुझ्या मनाचे खेळ!

तिघाडा
माझी ट्रायम्फ डेटोना ६७५. तीन सिलिंडर, दर २४० अंशांनी स्फोट. ‘तीन तिघाडा काम बिघाडा’ हे ऐकून कान किटले. २०१९पासून मोटो२च्या (मोटोजीपीच्या खालची शर्यत) सगळ्या गाड्यांत ट्रायम्फचंच ७६५ सीसीचं तीन सिलिंडर इंजिन आहे, एवढं सांगून गप्प बसते.

बावन्न किलो
माझा अनुभव इंजिनाचा नाही, स्प्रिंगचा आहे. दोन वर्षं मला वाटत होतं की मला चालवता येत नाही. खडबडीत वळणावर गाडी उड्या मारायची आणि मी घाबरून थ्रॉटल सोडायचे. शेवटी एका जाणत्या दादांनी टेप काढली. मागचं चाक हवेत असताना एक्सलपासून सीटखालच्या खुणेपर्यंत एक माप, पूर्ण जॅकेट-हेल्मेटसकट मी बसल्यावर दुसरं. फरक फक्त १८ मिमी. हवा होता तीसच्या पुढे. म्हणजे स्प्रिंग माझ्या वजनाला दबतच नव्हती आणि खड्ड्यात चाकाला खाली जायला जागाच उरत नव्हती.

प्रीलोड (स्प्रिंग आधीच दाबून ठेवलेली असते तो दाब) पूर्ण सोडला तरी २४वरच अडकलं, मग मऊ स्प्रिंग टाकली. आता मागची बाजू खाली बसली आणि गाडी वळायला आळशी झाली! दादांनी फोर्क (पुढच्या चाकाचे दांडे) क्लॅम्पमधून ४ मिमी वर सरकवून पुढची बाजू तेवढी खाली आणली. चार मिलिमीटर. मला आधी हसू आलं होतं.

स्लिपरची किंमत
आधीच्या जुन्या गाडीला स्लिपर क्लच नव्हता. उतारावर घाईत दोन गियर पाडले आणि क्लच फटकन सोडला. मागचं चाक टुणटुणत बाजूला सरकलं, पडलो नाही एवढंच. स्लिपरमध्ये उतरते खाचे असतात. चाक इंजिनाला उलटं ढकलू लागलं की ते प्लेटांवरचा दाब थोडा सैल करतात. बस.

नियम मोडतोय
टॉप स्पीड नाही, पण आकड्यांचा किस्सा चालेल ना? २००६च्या आर६ची रेडलाइन (इंजिन फिरवायची मर्यादा) १७,५०० आरपीएम म्हणून गाजली होती. मीटर जास्त दाखवत होता, खरा आकडा हजाराहून अधिक खाली, हे पुढे यामाहानेच मान्य केलं. तरी ते इंजिन त्या काळात भन्नाटच होतं.

पाना-पक्कड
मी गाड्या उघडणारा. ‘टॅपेट वाजतंय’ म्हणून लोक धावत येतात, ते बरं. या इंजिनांत भीती शांततेची. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये (हेडमधलं तो बसायचं कडं) हळूहळू रुततो आणि त्याच्या व कॅमच्या मधला गॅप कमी होत जातो. आवाज उलट कमी होतो, मालक खूश. मग सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो, आयडल डगमगतं. परवाच एकीत दोन एक्झॉस्टमध्ये गॅप मोजायची ०.२० मिमीची पट्टी शिरेना. कॅम काढले, २.७५ मिमीची शिम काढून २.७०ची घातली. बटणाएवढी चकती, पण तिच्यासाठी टाकी, एअरबॉक्स, कॅम-चेन सगळं हलवावं लागतं, म्हणून लोक टाळतात. व्हॉल्व्ह नीट बसला नाही तर त्याची उष्णता सीटमधून निघत नाही आणि कड जळते. मग हेडच उतरवा.

बावन्न किलो
@पाना-पक्कड, दादा, गॅप घरी तपासता येईल का?

पाना-पक्कड
मोजता येईल. गाडी रात्रभर उभी हवी, कोमट इंजिनावरचं माप खोटं. आणि पट्ट्या टोकाला वाकवलेल्या घ्या. सरळ पट्टी आत नेताना फ्रेम आडवी येते.