संत जॉर्जचा दिवस: सुट्टी दिली म्हणजे सण जगतो का?

दर्यावर्दी
दर एप्रिलमध्ये इंग्लंडात तीच रड सुरू होते. २३ एप्रिल म्हणजे संत जॉर्जचा दिवस, आणि देशाच्या पाठीराख्या संताच्या नावाने साधी सुट्टीही नाही! २०१७ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने ब्रिटनच्या चारही पाठीराख्या संतांच्या दिवशी सुट्टी देऊ म्हणून सांगितलं होतं. ते हरले आणि विषय बारगळला.

माझं म्हणणं असं की सुट्टीने काही होत नाही. त्याच दिवशी बार्सिलोनात बघा. स्पेनमधल्या कातालोनिया प्रांताचा पाठीराखाही हाच जॉर्ज, तिकडे त्याला सान्त जोर्दी म्हणतात. तिथेही सुट्टी नसते, लोक कामावर जातात. तरी रस्ते पुस्तकांच्या आणि गुलाबांच्या टेबलांनी भरून जातात. जोर्दीने मारलेल्या ड्रॅगनच्या रक्तातून गुलाब उगवला अशी तिकडची कथा. पूर्वी पुरुषाने बाईला गुलाब द्यायचा आणि तिने त्याला पुस्तक, अशी वाटणी होती. आता कोणीही कोणालाही काहीही देतं.

उलट स्कॉटलंडने २००७ मध्ये कायदा करून ३० नोव्हेंबरला, संत अँड्र्यूच्या दिवशी, सुट्टी जाहीर केली. पण ती द्यायचीच असं मालकांवर बंधन नाही. बरेच जण त्या दिवशी निमूट कामावर असतात.

कोपऱ्यातला
बार्सिलोनाचं उदाहरण सोयीचं आहे, पण त्यात दोन गोष्टी गाळल्यात. एक म्हणजे पुस्तकांचा भाग संताचा नाहीच. पुस्तकदिनाची कल्पना विसेंत क्लावेल या प्रकाशकाची. तो १९२६ मध्ये सुरू झाला तेव्हा ७ ऑक्टोबरला असायचा. १९३० मध्ये तो २३ एप्रिलला आणला, आणि १९९५ मध्ये युनेस्कोने तोच दिवस जगाचा केला. थोडक्यात, पुस्तकविक्रेत्यांचा धंदा संताच्या जत्रेत घुसला आणि दोघांचंही भलं झालं.

दुसरी गोष्ट भाषेची. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत कातालान भाषेची सार्वजनिक जीवनात गळचेपी झाली होती. अशा ठिकाणी कातालान पुस्तक हातात घेऊन रस्त्यावर उतरणं म्हणजे नुसता सण नव्हे. इंग्रजीची कोणी गळचेपी केली आहे का? मग तुलना कसली?

आणि सुट्टीने काही होत नाही म्हणता, तर इंग्लंडातच काय झालं ते आठवा. मध्ययुगात हा तिथला मोठा सण होता. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेने संतांचे सण छाटले आणि तिथून तो ओसरत गेला. कामाचे दिवस वाढले की सण आटतो. बल्गेरिया आणि जॉर्जियात सरकारी सुट्टी आहे, तिथे तो धडधाकट आहे.

दर्यावर्दी
बल्गेरियाचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. तिथला ६ मेचा गेर्ग्योव्देन, म्हणजे जॉर्जचा दिवस, हा मुळात मेंढपाळांचा सण. कोकरू भाजायचं, दारं हिरव्या फांद्यांनी सजवायची, पहाटेचं दव औषधी मानायचं, झाडाला झोके बांधायचे. सैन्याचा दिवसही तोच, त्यामुळे सोफियात संचलन होतं. पण झोके काही सरकारने बांधलेले नाहीत.

बाल्कनमध्ये जॉर्ज म्हणजे अर्धं पंचांग. त्याच्या दिवसापासून संत दिमित्रीच्या दिवसापर्यंत उन्हाळी अर्धवर्ष, बाकीचं हिवाळी. मेंढपाळांचे करार या दोन दिवसांवर बांधलेले असायचे. इतकंच काय, सर्बियातले हायदुक, म्हणजे रानात दबा धरून बसणारे बंडखोर, जॉर्जच्या दिवशी जमायचे आणि दिमित्रीच्या दिवशी पांगायचे. कारण सरळ आहे: झाडांना पानं आली की लपायला जागा!

पंचांगवाली
दोघेही "एकच दिवस" धरून चालला आहात, तिथेच गडबड आहे. जुन्या ज्युलियन पंचांगातला २३ एप्रिल आजच्या पंचांगात ६ मेला येतो, १३ दिवसांचा फरक. जॉर्जियात तर वर्षातून दोनदा गिओर्गोबा, म्हणजे जॉर्जचा सण, असते, ६ मेला आणि २३ नोव्हेंबरला, आणि सरकारी सुट्टी नोव्हेंबरातलीला. इंग्लंडच्या चर्चची आणखी निराळी तऱ्हा. २३ एप्रिल ईस्टरच्या आसपास आला की ते संतालाच पुढे ढकलतात. २०११ मध्ये त्यांनी तो २ मेला धरला होता.

आणि फक्त ख्रिस्ती देशांचंच काय बोलता? बेथलेहेमजवळ अल-खादर नावाचं गाव आहे. तिथल्या जॉर्जच्या चर्चमध्ये मुसलमानही नवस फेडायला येतात, कारण त्यांच्या लेखी जॉर्ज आणि इस्लामी परंपरेतला पूज्य पुरुष खिज्र यांची सरमिसळ झालेली आहे. तुर्कस्तानातला खिज्रचा सण हिदिरेल्लेझ ५-६ मेलाच येतो. तिथे ना पाठीराखा संत, ना त्या नावाची सुट्टी, तरी लोक गुलाबाच्या झाडाखाली इच्छा लिहून ठेवतात.

खडूस
आता कोणीतरी येऊन सांगेल की जॉर्ज मूळचा कप्पादोकियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला, त्याची कबर लोद गावात, आणि इंग्लंडात त्याने पाऊलही टाकलं नाही. दरवर्षी हा टोमणा येतो. संत अँड्र्यू तरी कुठे स्कॉटलंडला गेला होता?

रियोतला पाहुणा
दोन्ही बाजूंना अडचणीत आणणारं उदाहरण देतो. रियो दि जानेरो राज्यात २००८ पासून २३ एप्रिलला सुट्टी आहे. पण सुट्टीच्या कितीतरी आधीपासून तिथे पहाटे फटाके उडत आणि लोक लाल-पांढरे कपडे घालून चर्चला जात. यातले कित्येक उंबांदा पंथाचे असतात. त्यांच्यासाठी जॉर्ज म्हणजे ओगुम, लोखंडाचा आणि युद्धाचा देव. गुलामांनी आफ्रिकेतून आणलेला देव संताच्या आडोशाने टिकला. आधी गर्दी, मग कायदा.

कोपऱ्यातला
ब्राझीलचं मान्य. पण गर्दी जमायला लोकांना वेळ लागतो, आणि वेळ कोणाकडे असतो? कचेरीत बसलेल्या माणसाने दव गोळा करायला कधी जायचं? इंग्लंडात जॉर्जचा लाल क्रॉसचा झेंडा परत आला तो १९९६ च्या फुटबॉल स्पर्धेत. १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची चित्रं पाहा, प्रेक्षकांच्या हातात सगळीकडे युनियन जॅक, म्हणजे अख्ख्या ब्रिटनचा झेंडा, दिसेल. सामने बघायला लोक वेळ काढतातच की.

स्कॉटलंडचं मात्र मला अजूनही पटलेलं नाही. मालकाच्या मर्जीवर सोडलेल्या सुट्टीला मी सुट्टी म्हणतच नाही. ती सक्तीची करा, दहा वर्षं जाऊ द्या, मग बोलू.