स्वस्त युकुलेलेला नावं ठेवण्याआधी नट बघा

चारतारी
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, की स्वस्त युकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) म्हणजे खेळणं, त्यावर खर्च म्हणजे पैसे पाण्यात, आणि सॉलिड, म्हणजे अखंड लाकडाचं परवडेपर्यंत शिकायला बसूच नये. तिथेच दोन ओळी लिहिणार होतो, पण वाचून इतकं डोकं फिरलं की वेगळा धागा काढतोय.

माझं सोप्रानो (लहान मापाचं) लॅमिनेटचं, म्हणजे लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेलं आहे, घेतलं तेव्हा सगळ्यात स्वस्तातलं. अजून रोज वाजतं. सुरुवातीला तेही कणसूर होतं. सी कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) गोड यायचा, एफ धरला की कानाला खुपायचा, आणि मोकळ्या चारही तारा ट्यूनरवर चोख. एफमध्ये ई तार पहिल्या पडद्यावर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) दाबावी लागते, गोम तिथे आहे. स्वस्त वाद्यात नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या, खाचा पुरेशा खोल कापलेल्या नसतात. तार पहिल्या पडद्यापासून उंच राहते, दाबताना ताणली जाते, सूर चढतो. सी मध्ये तार तिसऱ्या पडद्यावर दाबतात, तिथे हाच ताण फारसा जाणवत नाही, म्हणून सी वाचतो.

बघायचं असेल तर तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या पडद्यावर फट किती उरते ते बघा. जेमतेम केसाएवढी हवी. माझ्याकडे तिथून पुठ्ठा सरकला असता. बारीक कानशीने खाचा जरा जरा खोल केल्या, दर वेळी तार लावून तपासत. सॅडल (दुसऱ्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खालून पॉलिश पेपरवर घासला. बाराव्या पडद्यावर तार १ मिमी खाली यायला सॅडल २ मिमी घासावा लागतो. मूळच्या तारा काढून फ्लुरोकार्बनच्या लावल्या. लाकडाला हातही लावला नाही आणि एफ सुरात आला.

निषाद
तो काल लिहिणारा मीच. तुमच्या हातात कानस चालते म्हणून सगळ्यांच्या चालेल का? एक घासा जास्त बसला की मोकळी तार झणझणायला लागते, मग बसा खाचेत सोडा आणि सुपरग्लू भरत. नवशिक्याला मुळात कळणार कसं, की चूक नटची आहे, बोटांची नाही? तो स्वतःलाच दोष देतो. माझ्या बहिणीने असंच वाद्य घेतलं, बी फ्लॅटशी झगडत राहिली, शेवटी ‘मला कानच नाही’ म्हणून सोडून दिलं. नंतर माझं कॉन्सर्ट (जरा मोठ्या मापाचं) हातात दिलं तर तोच कॉर्ड सुरात लागला. पण तोवर मन उडालं होतं. हा तोटा तुमच्या हिशेबात धरलाय का?
आणि पडदेच चुकीच्या जागी बसले असतील तर काय घासणार?

चारतारी
पडदे चुकीचे असतील तर वाद्य परत करावं, यात दुमत नाही. पण बहिणीच्या वाद्यात लाकूड वाईट होतं की नट उंच होता, हे तुम्ही बघितलंत का? न बघता लाकडाला दोष देताय, माझा राग त्याच्यावर आहे.

रानजाई
सॉलिड लाकडाचे गोडवे गाणाऱ्यांनी त्याचं दुखणंही सांगावं. माझ्या सॉलिड टेनरला (त्याहून मोठ्या मापाच्या) कोरड्या हवेत पुढच्या फळीला चीर गेली. आता पेटीत ओलावा राखण्याची सोय ठेवावी लागते. जुनं लॅमिनेट भिंतीवर उघडं टांगलेलं असतं. त्याचं एवढंच झालं, की फिंगरबोर्ड आकसला आणि पडद्यांची टोकं हाताला टोचायला लागली. घासली, संपलं.

मंद्र
अवांतर, पण लिहितोच. वरचा जी (जी ची चढ्या सुराची तार) काढून खालचा (एक सप्तक खालचा) लावा, अर्ध्या तक्रारी मिटतील. मधल्या सी च्या खाली एकही सूर नाही, धून वाजवायला गेलं की खाली वाट बंद. खालच्या जी ने आणखी पाच अर्धस्वर मिळतात.

खुंटी
आणि युकुलेलेचा आवाज जातो तो? वरचा जी आहे म्हणून स्ट्रमिंग (सगळ्या तारा एकदम छेडणं) असं घट्ट, चमकदार वाजतं. खालचा जी लावायचा तर सरळ गिटार घ्या.

मंद्र
परंपरेचा आव नको. १८७९ मध्ये ‘रेवन्सक्रेग’ जहाजातून मादेइरा या पोर्तुगीज बेटाची माणसं हवाईतल्या होनोलुलूला उतरली, त्यांच्या ज्या छोट्या माशेतेवरून (चार तारांची छोटी गिटार) हे वाद्य घडलं तिच्या तारा खालून वर ओळीनेच चढत जातात.

खुंटी
अर्धाच इतिहास सांगू नका. आकार माशेतेचा, पण तारांची जुळणी त्याच बेटावरच्या पाच तारांच्या राजाँवची, आणि तिच्यात जी वरचाच. तुम्हाला हवा तेवढाच तुकडा उचललात.

मंद्र
बरं, जुळणीचं तुमचं खरं. म्हणून मी धून वाजवायचीच नाही का? माझ्या आईला रात्री मी एकेक तार छेडत वाजवलेलं आवडतं. तिला तुमच्या चमकदार स्ट्रमिंगचं काय करायचंय?

खुंटी
आईला मध्ये आणलंत, आता काय बोलणार. वाजवा.

चारतारी
धागा नटवर होता!

निषाद
नटवरच येतोय. स्वस्त वाद्याची जी ची खाच बारीक तारेसाठी कापलेली असते. खालच्या जी ची जाड तार तिच्यात बसतच नाही, वर तरंगते. म्हणजे आधीच उंच असलेली तार आणखी उंच. मंद्र, तुमच्या एफमध्ये जी तार दुसऱ्या पडद्यावर चढी लागत नाही?

मंद्र
लागते. मला वाटायचं तार वाईट आहे.

चारतारी
खाच रुंद करा, मग खोल. आणि निषाद, कितीही चीड येत असली तरी एक देतो तुम्हाला. हे काम विकणाऱ्याने करून द्यायला हवं, नवशिक्याच्या गळ्यात पडायला नको.

निषाद
आणि मी ‘सॉलिड’ हा शब्द मागे घेतो. ‘शिकायला बसू नये’ मात्र नाही. नट तपासून न घेतलेल्या वाद्यावर तर नाहीच.