हविजाचा हिशेब
एकांनी लिहिलंय की लष्करी मोहीम चालू असताना संसदेने प्रश्न विचारणं म्हणजे सैनिकांचे हात बांधणं. मला हे मुळीच पटत नाही, आणि त्याचं कारण हविजा.

जून २०१५ मध्ये डच एफ-१६ विमानांनी इराकमधल्या हविजा शहरातल्या आयसिसच्या बॉम्ब कारखान्यावर हल्ला केला. आत अंदाजापेक्षा कितीतरी जास्त स्फोटकं होती. दुसऱ्या स्फोटात आजूबाजूची वस्ती भुईसपाट झाली. कारखान्यालगत युद्धातून जीव वाचवून आलेली विस्थापित कुटुंबं राहत होती, म्हणजे ज्यांना आणखी कुठे पळायलाच जागा नव्हती अशी माणसं. किमान ७० जण गेले.

नेदरलँड्समध्ये परदेशी मोहिमेआधी सरकार संसदेला पत्र लिहून कारणं आणि धोके कळवतं. कागदावर व्यवस्था उत्तमच. पण त्याच महिन्यात संसदेला सांगितलं गेलं की नागरिक मेल्याची माहिती नाही. खरं काय ते संरक्षणमंत्र्यांनी मान्य केलं नोव्हेंबर २०१९ मध्ये, तेही पत्रकारांनी प्रकरण खणून काढल्यावर. चार वर्षं!

म्हणून नुसतं आधी कळवणं पुरत नाही. हल्ल्यानंतर आकडे मागणारी, गोपनीय कागद पाहू शकणारी समिती हवी. आणि ती 'लक्ष्याशेजारी कोण राहतं, हे तुम्ही कोणाला विचारलंत?' असं थेट विचारणारी हवी. २०२५ च्या चौकशी अहवालातही हेच निघालं की तिथे नागरिक राहतात याची पुरेशी माहिती डचांकडे नव्हतीच. वैमानिकाच्या हाती अर्धवट माहिती देणं, ही त्याचीसुद्धा फसवणूकच आहे.