दिवाळीच्या भेटी: घरटी ४०० रुपये, टिकाऊ आणि देखण्या. शिवाय हॉलला घरपण कसं आणावं?

ओवी_बाणेर
नमस्कार मंडळी. दिवाळीला तीन आठवडे उरलेत. १५ घरी भेट द्यायची आहे, घरटी ४०० रुपये, पॅकिंग त्यातच. अटी दोनच: प्लास्टिक नको आणि माळ्यावर जाऊन पडेल अशी वस्तू नको. दिसायला नेटकी हवी. मातीच्या चार पणत्या, वाती आणि २०० मिली तिळाचं तेल बांबूच्या परडीत, असा विचार आहे. याहून बरं काही सुचवाल का?

दुसरं म्हणजे हॉल. १० बाय १४, भिंती पांढऱ्या, मधोमध २० वॉटची एलईडी ट्यूब. संध्याकाळी दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. घर भाड्याचं, खिळे ठोकायला परवानगी नाही. खर्च ६००० पर्यंत.

तांबटआळी
पणत्या कशाला? त्या प्रत्येकाकडे असतात. पुण्यात राहताय तर कसबा पेठेत तांबट आळीत जा आणि मठारकाम केलेला तांब्या घ्या. हातोडीच्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो, म्हणून मठारलेलं भांडं सहसा पोचत नाही. ठोके एकसारख्या अंतरावर पण किंचित लहानमोठे दिसले पाहिजेत. सगळे तंतोतंत सारखे असतील तर तो यंत्राचा छाप. तळाशी बारीक ओरखडा काढून बघा, आत पांढरा धातू दिसला तर वर नुसता मुलामा आहे. लोहचुंबकावर विसंबू नका, स्टीलचे काही प्रकार चुंबकाला चिकटत नाहीत.

नंदिनी के
@तांबटआळी, ४०० रुपयांत मठारलेला तांब्या कुठे मिळतो? तांब्याचा किलोचा भाव बघा, त्यावर मजुरी. या पैशांत फार तर एखादी वाटी येईल.

ओवी, मी दरवर्षी सोया वॅक्सच्या मेणबत्त्या देते. काचेच्या ग्लासात, लव्हेंडर किंवा मोगरा. सगळ्यांना आवडतात. पॅराफिन पेट्रोलियमपासून निघतं, सोया वनस्पतीपासून.

वैशाखवणवा
सोया वॅक्सबद्दल सावध राहा. बरण्यांतलं सोया मेण साधारण ४५ ते ५० अंशांना वितळायला लागतं. ऑक्टोबरच्या उन्हात बंद गाडीत किंवा कुरिअरच्या टेम्पोत ते मऊ होतं, वर सुगंधी तेलाचे थेंब सुटतात आणि वात तिरकी होते. मी मागवलेल्या खोक्यातल्या निम्म्या तशाच आल्या होत्या. मधमाश्यांचं मेण ६२-६४ अंशांपर्यंत टिकतं, पण ते महाग.

ज्यांना मिळतील त्यांना दोन गोष्टी सांगा. पहिल्यांदा पेटवल्यावर मेण काठापर्यंत वितळेस्तोवर विझवायची नाही, बरणीच्या व्यासाला इंचामागे साधारण तासभर. नाहीतर मधे बोगदा पडतो आणि कडेचं मेण तसंच वाया जातं. आणि दर वेळी पेटवण्याआधी वात पाव इंच ठेवून कापायची. लांब वात धूर करते, काच काळी पडते.

धागेदोरे
घोंगडी द्या. दख्खनी मेंढीची लोकर, न रंगवलेली, खड्डामागावर (खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या हातमागावर) विणलेली. याहून टिकाऊ वस्त्र महाराष्ट्रात नाही. चिंचोक्याची खळ दिलेली असते म्हणून नवी घोंगडी खरखरीत लागते, वापरून मऊ पडते. वॉशिंग मशीनमध्ये टाकायची नाही, लोकर आटून गठ्ठा होतो. कसर लागू नये म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी कडक ऊन द्यायचं आणि घडीत वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवायचा.

भेसळ ओळखायची तर कडेचे चार धागे जाळून बघा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. अॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो.

ओवी_बाणेर
घोंगडीची माहिती फार छान आहे, पण दोन हजारांच्या आत चांगली मिळत नाही असं दिसतंय. बजेट ४०० आहे हो.

धागेदोरे
मग १५ घरांऐवजी तीन घरी द्या. चांगली वस्तू थोड्यांना द्यावी.

सुगरण
+१ सोया मेणबत्त्या. नाहीतर बांबू फायबरचे मग. हलके, रंग सुंदर, आणि बांबू भराभर वाढतो त्यामुळे पर्यावरणालाही चांगले. ३५० ला दोन.

वैशाखवणवा
ते मग नकोत, कृपया. बांबूची भुकटी मेलामाइन रेझिनमध्ये मिसळून साच्यात दाबतात, म्हणजे घट्ट धरणारा भाग प्लास्टिकचाच. गरम चहा किंवा आंबट सरबत त्यात ओतलं की मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड पेयात उतरू शकतं. तो मग कुजत नाही आणि पुनर्वापरालाही जात नाही.

'बांबूचे' मऊ टॉवेल म्हणून विकतात ते बहुतेक व्हिस्कोस असतं. लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडने विरघळवून त्याचा धागा काढतात. बांबूची वस्तू हवी तर बुरुडाकडची परडी, सूप, टोपली घ्या. त्यात बांबूशिवाय काही नसतं.

सुगरण
आमचे मग दोन वर्षं झाली, काही झालेलं नाही. सगळ्यातच दोष काढले तर माणसाने द्यायचं काय?

कोल्हापुरी_तर्री
खायचं द्या. खाऊन संपतं, माळ्यावर जायचा प्रश्नच नाही. आजरा घनसाळ तांदूळ एक किलो, जाड मांजरपाटाच्या पिशवीत, वर खणाच्या कापडाची पट्टी. दाणा बारीक, वास सुरेख. मुळशीकडचा आंबेमोहोरही चालेल. दिवाळीला नवं पीक जेमतेम कापणीला आलेलं असतं, म्हणजे दुकानात मिळतो तो गेल्या हंगामाचा. ते चांगलंच, भात कमी चिकट होतो. मात्र कापडी पिशवीत वास उडतो आणि पोरकिडे होतात, म्हणून 'घरी नेल्यावर डब्यात भरा' अशी चिठ्ठी लावा.

परदेसी_मराठी
या १५ मध्ये कुणी परदेशी जाणारं असेल तर अवांतर सूचना: बियांचे कागद (लगद्यात बिया घातलेली, पेरता येणारी शुभेच्छापत्रं) किंवा बियांच्या राख्या सामानात देऊ नका, अमेरिकेच्या विमानतळावर बिया काढून घेतात. ब्रिटनमध्ये पेढे-बर्फीसारखं दुधाचं काही नेता येत नाही. चिवडा-शंकरपाळ्यांची सहसा अडचण येत नाही, पण नुसतं तूप आणि खव्याची मिठाई टाळा.

सह्यवेडा
बियांच्या कागदाचा विषय निघालाच आहे तर: ते शुभेच्छापत्र दिसतं गोड, पण उगवतंच असं नाही. कागद बनवताना लगदा जास्त उष्णतेने वाळवला तर बी मरतं. किंवा छपाई करून वर चकचकीत थर देतात, मग पाणी आत शिरत नाही. घ्यायचंच तर झेंडू किंवा तुळशीचं, थर नसलेलं घ्या. रात्रभर भिजवायचं, तुकडे करून मातीवर पसरायचे आणि वर पाव इंचापेक्षा जास्त माती टाकायची नाही. तुळशीच्या बियांना तर माती नुसती भुरभुरवली तरी पुरे. खोल गाडल्या की येत नाहीत.

लखलख
हॉलबद्दल कुणीच बोलत नाहीये. मी तेवढंच लिहितो.

ट्यूब बहुधा ६५०० केल्विनची आहे, निळसर पांढरी (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचा आकडा, कमी तेवढा पिवळसर). ती काढू नका, साफसफाईला आणि अभ्यासाला लागते. फक्त संध्याकाळी बंद ठेवा आणि तीन छोटे दिवे लावा, सगळे २७०० केल्विनचे. खोक्यावर 'वॉर्म व्हाइट' लिहून भागत नाही, आकडा वाचा, ३००० पर्यंत ठीक. एका खोलीत दोन वेगळ्या रंगांचा प्रकाश मिसळू नका, भिंती मळकट दिसतात. प्रत्येक दिवा ५ वॉटचा, साधारण ४५० ल्युमेन (म्हणजे उजेडाचं माप). तीन मिळून १३५० होतात, या मापाच्या खोलीत गप्पांना भरपूर. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९० मिळाला तर घ्या, जेवणाचा आणि चेहऱ्याचा रंग खरा दिसतो.

कुठे ठेवायचे: एक सोफ्याशेजारी तिवईवर, एक समोरच्या कोपऱ्यात जमिनीवर भिंतीकडे तोंड करून, एक पुस्तकांच्या फळीवर. बसलेल्या माणसाच्या डोळ्यात उघडा बल्ब येता कामा नये. तिवईवरच्या दिव्याच्या शेडची खालची कड जमिनीपासून ४० इंचांच्या आसपास ठेवा. खिळे लागत नाहीत. तिन्ही तिवई-फळीसकट चार हजारांच्या आत बसतं.

पंख्याचा जुना रेग्युलेटर लावून एलईडी मंद करू नका, लुकलुकते आणि लवकर जाते. मंद करायचं तर बल्बवर 'डिमेबल' लिहिलेलं हवं आणि डिमरही एलईडीचा.

नंदिनी के
@लखलख, हे सगळं बरोबर, पण सतरंजी नाही तर घरपण नाही. ओवी, ज्यूटचा मोठा गालिचा घ्या. नैसर्गिक, आणि फोटोत फार सुंदर येतो.

लखलख
ज्यूटवर पाणी सांडलं की तपकिरी डाग पडतो आणि तो धुतल्याने वाढतो. पावसाळ्यात कुबट वास येतो, तंतूही गळत राहतात. सुती सतरंजी घ्या, धुता येते. ४ बाय ६ ची, सोफ्याचे पुढचे दोन पाय तिच्यावर यायला हवेत. नाहीतर ती मधेच तरंगल्यासारखी दिसते आणि खोली लहान वाटते.

धागेदोरे
पडदेही बदला. पॉलिस्टर काढून खादी लावा. ४ फुटांच्या खिडकीला चुण्या नीट पडायला कापड दुप्पट रुंद लागतं. ४५ इंची पन्ह्याचे दोन पडदे केले की जवळपास तेवढं होतं. लांबी ७ फूट धरली तर दुमड आणि पट्टीसकट प्रत्येकी अडीच मीटर, आणि आटण्यासाठी थोडं जास्त, म्हणजे सव्वापाच मीटर घ्या. शिवायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. हे राहिलं तर पहिल्या धुण्यात पडदा दोन-तीन इंच वर चढतो, मग काही करता येत नाही.

सह्यवेडा
भेटींकडे परत येतो. शेणाच्या पणत्या बघा, १० रुपयाला एक, वापरून कुंडीत टाकता येतात.

वैशाखवणवा
शेणाची पणती तेल पिते आणि वात खाली आली की पणतीच पेटते. कागदी कंदिलाखाली किंवा लाकडी चौकटीजवळ तर नकोच. लावायची तर स्टीलच्या ताटलीत, खाली वाळू घालून.

कोल्हापुरी_तर्री
पणत्यांचा नाद सोडा हो. तांदूळ द्या.

ओवी_बाणेर
सगळ्यांचे मनापासून आभार. निर्णय सांगते: पणत्याच देणार. त्या प्रत्येकाकडे असतात हे खरं, पण दरवर्षी दोन-चार फुटतात आणि नव्या आणायच्या राहून जातात. माती, कापूस, तेल, बांबू, यात नकोसं काही नाही आणि दिवाळीतच वापरून होतं. हॉलसाठी @लखलख यांचे तीन दिवे आणि सुती सतरंजी. पडदे पुढच्या वर्षी.

तांबटआळी
एवढं सगळं ऐकून शेवटी पणत्याच. असो. तांब्याची भांडी कुणाकडे असतील तर एवढं लक्षात असू द्या: आतून कल्हई नसलेल्या भांड्यात ताक, लिंबूपाणी, चिंच ठेवायची नाही. कल्हई काळवंडली, आतून तांबूस दिसायला लागली की पुन्हा करून घ्यायची. भांडं तापवून नवसागर टाकतात, कथलाची पट्टी फिरवतात आणि कापसाने पुसून सगळीकडे पसरवतात. बाहेरून लॅकर (चमक टिकवणारा पारदर्शक थर) मारलेली तांब्याची बाटली लिंबू-मिठाने घासू नका, लॅकर ठिकठिकाणी निघून चट्टे पडतात.

कोल्हापुरी_तर्री
ठरलंच आहे तर तेलाचा हिशेब बघा. अडीच इंची पणतीत साधारण १५ मिली तेल बसतं. चार पणत्या म्हणजे संध्याकाळी ६० मिली, पाच दिवसांचे ३००. तुमचं २०० मिली चौथ्या दिवशीच संपेल. आणि घाण्याचं तेल घेऊ नका, त्यातला गाळ वातीत अडकून काजळी धरते. जाळायला साधं गाळलेलं तेल चांगलं.

सुगरण
घाण्याचं तेलच शुद्ध असतं. देवापुढे दुसरं लावू नये.

सह्यवेडा
पणती घेताना नखाने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर भाजणी नीट झालीय, दबका आला तर कच्ची किंवा तडकलेली. चमकी लावलेल्या घेऊ नका, ती चमकी प्लास्टिकच. गेरूने रंगवलेल्या दिसायलाही चांगल्या.

वापरण्याआधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायच्या आणि उपड्या घालून वाळवायच्या. कोरडी माती पहिल्या दिवशी बरंच तेल पिते आणि फरशीवर तेलाचं वर्तुळ उमटतं. हे चिठ्ठीवर नक्की लिहा. वाती लांब द्या, फुलवाती तुपाच्या निरांजनाला. परडीत पणत्या आडव्या एकावर एक ठेवू नका, कडेवर उभ्या ठेवा, मधे वर्तमानपत्राची घडी. आडव्या रचल्या की खालची फुटते.

धागेदोरे
वरून खणाचा ब्लाउजपीस बांधा, गाठ मारून पोटली करा. कागद आणि चिकटपट्टी वाचते, आणि तो कपडा शिवायलाही होतो.

ओवी_बाणेर
@कोल्हापुरी_तर्री, बरोबर आहे, तेल ३०० मिली करते. सरबताच्या काचेच्या बाटल्या सोसायटीत गोळा करते आहे, ३०० मिलीच्या वरच्या. उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून मगच भरीन. ब्लाउजपीस घेतला तर ४०० च्या वर जातं, म्हणून नुसती खणाची चार इंची पट्टी परडीच्या कडीला. पणत्या ७० सांगितल्या आहेत, १० फुटीसाठी जादा.