नागपूरच्या उन्हाळ्यात सदऱ्याखाली झाकता येईल असे ३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर कोणते घ्यावे?

कळमन्याचा व्यापारी :

नमस्कार. कळमना बाजारात माझा धान्याचा आणि मिरचीचा व्यवसाय आहे. हंगामात उमरेड, भिवापूर, सावनेर या बाजूंना आणि कधीकधी थेट सिवनीपर्यंत बरीच रोकड सोबत घेऊन जावे लागते. पोलीस आयुक्त कार्यालयाकडून मला नुकताच एका शस्त्राचा परवाना मिळाला असून आता ३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर घ्यायचे आहे. पिस्तुलाचा आग्रह मुलगा धरतो, परंतु मॅगझिन आणि स्लाइड यांच्या भानगडीत न पडता चाप ओढला की चालणारे साधे यंत्र मला हवे आहे.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत : कानपूरच्या आयुध निर्माणीचे जुन्या घडणीचे मार्क तीन, त्याच घराण्यातले हलके निर्भीक आणि २०२३ मध्ये बाजारात आलेले प्रबल. एक विक्रेता म्हणतो की सर्वांत हलके घ्या, दुसरा म्हणतो की नवे आले आहे तेच घ्या. माझी खरी अडचण कपड्यांची आहे. वर्षातला बहुतेक काळ मी पातळ सुती सदरा घालतो, पोट थोडे सुटलेले आहे, आणि बाजारात शंभर माणसांत वावरताना कमरेला काय आहे हे कोणाला कळू नये अशी इच्छा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त शस्त्र-प्रशिक्षक, काटोल रोड :

आपण वजनापासून सुरुवात केली आहे, ते बहुतेक नवे परवानाधारक करतात. परंतु शस्त्र लपते की दिसते हे वजनावर फारसे ठरत नाही. निर्भीक २०१४ मध्ये आले, तेव्हा त्याचे वजन ५०० ग्रॅम आणि किंमत १,२२,३६० रुपये असल्याची चर्चा सर्वत्र झाली. मार्क तीन आणि प्रबल ही दोन्ही साधारण ७०० ग्रॅमच्या आसपास भरतात. हा फरक दिवसभर कमरेला जाणवतो, हे खरे. पण सदऱ्यातून उठून दिसते ते वजन नव्हे, तर सहा काडतुसांचे फिरते सिलिंडर आणि मुठीचा खालचा कोपरा. सिलिंडरची जाडी तिन्हींमध्ये जवळपास सारखीच असल्यामुळे त्या बाबतीत आपल्याला निवडीला फारसा वाव नाही. अमेरिकेत १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनने पाच गोळ्यांचे छोटे रिव्हॉल्व्हर काढले आणि ते एवढे चालले, त्याचे कारण हेच की एक गोळी कमी केल्याने सिलिंडर बारीक झाले. आपल्याकडे तसे हत्यार नवे मिळणे जवळजवळ अशक्य आहे, कारण ऐंशीच्या दशकापासून सामान्य परवानाधारकांसाठी आयात बंद आहे. जुन्या विदेशी नगांचे भाव काही लाखांत सांगितले जातात आणि त्यांचे सुटे भागही सहज मिळत नाहीत, म्हणून त्या मोहात पडू नये.

हलके शस्त्र उडवताना हाताला अधिक झटका बसतो. या रिव्हॉल्व्हरना लागणारे ३२ लाँगचे काडतूस मुळात सौम्य आहे, म्हणून निर्भीकचा झटका असह्य होतो असे मी म्हणणार नाही. परंतु पहिल्या गोळीनंतर नेम पुन्हा जागेवर आणायला नवख्या माणसाला जड शस्त्रात सोपे जाते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न चापाचा आहे. घोडा (काडतुसावर आदळणारा मागचा भाग) हाताने न चढवता सरळ चाप ओढायचा असेल, तर तो लांब आणि बऱ्यापैकी जड असतो, आणि त्याच ओढीत नळीचे टोक खाली किंवा डावीकडे झुकते. म्हणून दुकानात गेल्यावर आधी विक्रेत्याकडून सिलिंडर उघडून रिकामे असल्याची खात्री करून घ्यावी, मग स्वतः पाहावे, नंतर त्याच्या परवानगीने सुरक्षित भिंतीकडे नळी धरून चाप सावकाश ओढावा आणि पुढची माशी (नेम धरायची नळीच्या टोकावरची खूण) किती हलते ते बघावे. ज्या नगात ती कमी हलेल तो नग आपला. एकाच मॉडेलच्या दोन नगांत चापाचा फरक असतो, त्यामुळे खोक्यातला पहिला नग उचलून घरी येऊ नये; दोन-तीन मागून बघावेत. विक्रेता कुरकुर करेल, करू द्यावी.

प्रबलच्या जाहिरातीत ५० मीटरच्या पल्ल्याचा फार गवगवा आहे. आपल्यावर प्रसंग आलाच तर तो गाडीच्या दाराशी किंवा गोदामाच्या फाटकात, हाताच्या अंतरावर येईल. पन्नास मीटरवरच्या माणसावर गोळी झाडणे म्हणजे बहुतेक वेळा स्वतःच आरोपी होणे. प्रबलचा खरा गुण वेगळा आहे. मार्क तीन आणि निर्भीक वेब्ली या जुन्या इंग्रजी रिव्हॉल्व्हरच्या पद्धतीने मधून मोडून उघडतात, तर प्रबलचे सिलिंडर बाजूला निघते. मोडणाऱ्या पद्धतीत उघडताच सर्व पुंगळ्या एकदम बाहेर पडतात, ही सोय आहे. मात्र वरची कडी वर्षानुवर्षांच्या वापराने सैल होऊ शकते, म्हणून नळी धरून हलवून बघावे आणि बिजागरीत खेळ जाणवला तर तो नग नाकारावा. मला स्वतःला बाजूला निघणारे सिलिंडर अधिक भरवशाचे वाटते.

इतवारीतील सराफ, परवानाधारक :

प्रशिक्षक साहेबांनी यंत्राचे सांगितले, मी कपड्यांचे सांगतो, कारण आमच्या धंद्यातल्या लोकांचा घोळ तिथेच होतो. नाडीच्या पायजम्यावर कोणतेही होल्स्टर, म्हणजे शस्त्राचे म्यान, टिकत नाही. जाड, कडक, दीड इंच रुंदीचा पट्टा आणि त्याला धरणारी पँट हवीच; पट्टा मऊ असला की सातशे ग्रॅमचे शस्त्र बाहेरच्या बाजूला लोंबते आणि मग सदरा कितीही ढगळ असला तरी उपयोग होत नाही. पँटच्या आत बसणारे होल्स्टर उजव्या खुब्याच्या किंचित मागे ठेवल्यास मुठीचा कोपरा शरीरालगत राहतो. पोट असलेल्या माणसाने ते पुढे मांडीच्या वर लावू नये, बसताना टोचते आणि वारंवार हात तिकडे जातो. त्या हातामुळेच बाजारातल्या हमालापासून पाकीटमारापर्यंत सर्वांना कळते. सदरा न खोचता, गडद रंगाचा किंवा बारीक चौकड्यांचा, नेहमीपेक्षा एक माप मोठा घ्यावा. पांढऱ्या पातळ मलमलीतून काळे होल्स्टर स्पष्ट दिसते.

गाडी चालवताना सीटबेल्टचे कुलूप नेमके उजव्या हाताच्या शस्त्राच्या विरुद्ध बाजूला येते ही सोय आहे, पण बेल्ट शस्त्रावरून न जाता त्याखालून घ्यावा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्याचा फटका शस्त्राला बसतो. चामड्याचे होल्स्टर घाम शोषून घेते आणि ती ओल पोलादाला धरून ठेवते. दिवसभर घातलेले होल्स्टर रात्री उघडे टांगावे, शस्त्र त्यातून काढून कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात द्यावा आणि तिजोरीत वेगळे ठेवावे. माझ्या ओळखीच्या एकाने पूर्ण उन्हाळा शस्त्र चामड्यातच ठेवले. पावसाळ्याच्या तोंडावर काढले तेव्हा सिलिंडरच्या खाचांत तांबूस ठिपके पडलेले होते आणि सिलिंडर फिरताना अडकत होते.

वकील, सिव्हिल लाईन्स :

शस्त्र झाकून ठेवणे ही केवळ आपली इच्छा नसून कायद्याची अट आहे, हे इथे कोणी सांगितले नाही म्हणून लिहितो. शस्त्र नियम, २०१६ मधील नियम ३२ नुसार सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तत्सम पिशवीत असले पाहिजे, ते पूर्ण झाकलेले असले पाहिजे आणि बाळगणाऱ्याचे त्यावर परिणामकारक नियंत्रण असले पाहिजे. म्हणजे गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात शस्त्र ठेवून चहाला उतरणे या नियमात बसत नाही. परवान्याच्या अटीचा भंग केल्यास शस्त्र अधिनियमाच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि परवाना जाण्याची शक्यता त्याहून मोठी असते.

आपण सिवनीचा उल्लेख केला आहे, त्यामुळे एक गोष्ट आजच तपासावी. परवान्यावर क्षेत्र कोणते लिहिले आहे? ते फक्त महाराष्ट्र असेल, तर मध्य प्रदेशच्या सीमेवरील खवासाच्या पुढे आपण विनापरवाना शस्त्रधारी ठरू शकता. नागपूरच्या व्यापाऱ्यांचा अर्धा व्यवहार छिंदवाडा, सिवनी, बालाघाटकडे चालतो आणि तरीही परवान्यावरचा हा रकाना कोणी वाचत नाही. क्षेत्रवाढीसाठी कारणांसह वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर होईपर्यंत शस्त्र घरी ठेवूनच तिकडे जावे.

खासगी बचावाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. त्याची मर्यादा अशी की बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. पैशांची थैली हिसकावून पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडणे हे बचावात बसवणे कोणत्याही वकिलाला जड जाईल. निवडणुकीची आचारसंहिता लागल्यावर शस्त्र जमा करण्याची नोटीस आली, तर ठाण्यात जमा करून पावती घ्यावी. तेवढ्या काळात रोकड कशी न्यायची याची व्यवस्था आधीच करून ठेवावी.

पेट्रोल पंपचालिका, अमरावती मार्ग :

माझ्याकडे निर्भीक आहे. ते स्त्रियांसाठी म्हणून गाजवले गेले, म्हणून दादांनी ते मनातून काढून टाकू नये. ज्यांना दिवसभर खुर्चीत बसून काम करावे लागते त्यांना दोनशे ग्रॅमची बचत संध्याकाळी पाठीत कळते. मात्र मी ते पर्समध्ये ठेवत नाही. पर्स काउंटरवर राहते, मुलांच्या हाती लागते आणि प्रसंगी सर्वांत आधी पर्सच हिसकावली जाते.

काडतुसे घेताना एक काळजी घ्यावी. नुसते ‘३२ बोअर’ म्हणून मागितल्यास पिस्तुलाची ३२ एसीपी काडतुसे हातात पडू शकतात. रिव्हॉल्व्हरला ३२ स्मिथ अँड वेसन लाँग लागतात, ज्यांच्या बुडाला ठसठशीत कडा असते. पिस्तुलाची काडतुसे सिलिंडरमध्ये शिरतात म्हणून ती चालतात असे समजून कधीही भरू नयेत.

कळमन्याचा व्यापारी :

सर्वांचा आभारी आहे. परवाना काढून पाहिला; क्षेत्र महाराष्ट्रच आहे, तेव्हा सिवनीचे व्यवहार सध्या बँकेमार्फतच करीन आणि अर्ज देईन. प्रबलचे तीन नग बघायला सांगितले आहेत. एक शंका उरते : काडतुसांचा वार्षिक कोटा परवान्यावर मर्यादित आहे, मग सराव करावा की ती जपून ठेवावीत?

निवृत्त शस्त्र-प्रशिक्षक, काटोल रोड :

जपून ठेवलेली काडतुसे हाताला काही शिकवत नाहीत. कोट्यातील निम्म्याहून अधिक काडतुसे मान्यताप्राप्त नेमबाजी रेंजवर, पाच ते सात मीटरवरून, केवळ चाप ओढून झाडावीत. दरम्यानच्या काळात डमी काडतुसे भरून घरी सराव करता येतो. त्या वेळी खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात असावीत. रिकाम्या पुंगळ्या फेकून देऊ नयेत, पुढच्या खरेदीच्या वेळी झाडलेल्या काडतुसांचा हिशेब मागितला जाऊ शकतो. आणि नग पसंत करताना विक्रेत्याला हेही विचारावे की चाप न ओढता घोडा काडतुसापर्यंत पोहोचू नये अशी अडसर-पट्टी आत आहे का. त्याचे स्पष्ट उत्तर मिळाले नाही, तर सिलिंडरमधले घोड्याखालचे घर रिकामे ठेवून पाचच काडतुसे भरावीत.